उतारशाळेच्या दाराला कुलूप : आमच्या मंडळीच्या पंच कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडीलजन आणि पंच कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात आपल्या चर्चच्या आवारातल्या पडवीला कुलूप लागलं आणि फाटकावर कागद चिकटला : 'सदर जागा बाहेरच्या व्यक्तींना मुक्कामासाठी वापरता येणार नाही. आदेशावरून.' मी त्याच आठवड्यात सेक्रेटरींकडे अर्ज दिला. दोन रविवार उपासना सुटल्यावर थांबले. 'बघू सिस्टर, पुढच्या मीटिंगला घेऊ,' एवढंच उत्तर मिळालं. मीटिंग झाली, विषय निघाला नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मंडळीचं नाव मुद्दाम घालत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, दार उघडून हवं आहे. माझं नाव तुमच्या हातातल्या प्रतीवर सहीसकट आहे.

ज्यांना ही पडवी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मिरजेत रोज दवाखान्यासाठी माणसं उतरतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, आणि सीमेपलीकडून अथणी, रायबाग, जमखंडी, विजापूर. पेशंट वॉर्डात जातो, त्याच्याजवळ एका माणसाला थांबू देतात. सोबत आलेली बाकीची दोन-तीन माणसं कुठं जातात? पैसे असले तर लॉजवर. नसले तर रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर. आणि ज्यांना गावातल्या कुणी आधी येऊन गेलेल्यानं सांगितलेलं असतं, ती आपल्या पडवीत. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, एका बाजूला तीन चुलींचा ओटा, एक नळ, दोन संडास, भिंतीला खुंट्या. पण तिथं पाठ टेकता येते आणि पेशंटसाठी मऊ भात शिजवता येतो. जवळजवळ चाळीस वर्षं नर्सिंग केलंय. ऑपरेशन झालेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरच्या हातचा भात खायला लागला की त्याचा चेहराच वेगळा दिसतो, हे मी किती वॉर्डांत पाहिलंय त्याची मोजदाद नाही.

या पडवीत मी स्वतः 19 रात्री झोपले आहे.

1972चा दुष्काळ. मी नऊ वर्षांची. वडील जतच्या पूर्वेला दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कपची उडून डोळ्यात गेली. गावातल्या एकानं कसला तरी पाला डोळ्यात पिळला आणि पाच दिवसांत डोळा लालभडक होऊन सुजला. आईनं कानातल्या बुगड्या मोडल्या, एसटीचं भाडं केलं आणि आम्ही मिरजेला आलो. वडील वॉर्डात, आई आणि मी पडवीत. शेजारी अथणीकडची एक मुसलमान बाई होती, तिच्या पोराचा पाय कापायचा होता. आईला कानडी येत होतं, दोघींचं जमलं. त्या वर्षी रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, मिळायचा, त्याच्या लाल भाकऱ्या थंड झाल्या की दगडासारख्या. ती बाई भाकरी मोडायची आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायची, मग आपण खायची. रोज संध्याकाळी मंडळीचा चौकीदार कंदील घेऊन यायचा. एकच प्रश्न विचारायचा, "किती माणसं?" तेवढ्या चटया टाकून जायचा. आमचं घर ख्रिस्ती होतं हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. वडिलांचा एक डोळा गेला, दुसरा राहिला, आणि त्या एका डोळ्यावर त्यांनी पुढं तीस वर्षं शेती केली.

मी नर्स झाले ती त्या 19 रात्रींमुळं. तेव्हा माझा संबंध काय, असं कमिटीतल्या एका बंधूंनी विचारलं होतं, त्याचं हे उत्तर.

मिरजेत हे सगळं सुरू कसं झालं तेही थोडं आठवून पाहा. 1889 साली कॅनडातून विल्यम वानलेस नावाचा तरुण डॉक्टर या भागात आला. 1894 साली मिरजेत दवाखाना उभा राहिला. पुढं त्याच माणसाच्या नावानं वानलेसवाडी वसली, क्षयाच्या रोग्यांसाठी तिथं सॅनिटोरियम झालं, कुष्ठरोग्यांसाठीही वेगळं इस्पितळ झालं. क्षय आणि कुष्ठ म्हणजे ज्या माणसांना त्यांच्याच घरची माणसं ओसरीवर घेत नव्हती. आज मिरजेची ओळख दवाखान्यांचं गाव अशी आहे. आपल्या मंडळीतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी नर्स, कंपाउंडर, लॅबवाला, वॉर्डबॉय होता किंवा आहे. आपल्या चुली ज्या दयेवर पेटल्या ती बाहेरच्या माणसांवर केलेली दया होती. आपणही तेव्हा बाहेरचेच होतो.

आता कुलूप लागल्यावर काय झालं ते सांगते.

या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील, पावसाची झड लागली होती. मी औषध घेऊन परत येत होते. आपल्या फाटकाच्या कमानीखाली एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्यावर खताचं रिकामं पोतं, एक कोपरा आत दुमडून खोळीसारखं घेतलेलं. जमखंडीकडचे. बायकोला अर्धांगाचा झटका आला होता, ती आयसीयूत. गावात कुणीतरी सांगितलं होतं, चर्चच्या मागं झोपायला मिळतं. धोतर चिंब, अंगात कापरं भरलेलं. आणि दोन्ही हात छातीशी घट्ट. मला वाटलं छातीत दुखतंय, म्हणून सवयीनं मनगट धरायला गेले, तर सदऱ्याच्या आत स्कॅनचं मोठं पाकीट. अंगाला लावून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, बटणं लावलेली. "भिजलं तर परत काढायला लावतात," म्हणाले. मी चाचपून पाहिलं. माणूस हाडापर्यंत भिजला होता, पाकीट कोरडं होतं.

त्यांच्या डोक्यावर, आपल्या भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटमध्ये काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. दर नाताळाआधी आपण ते नव्यानं रंगवतो. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' म्हाताऱ्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मला येतं. मी त्या वचनाखाली उभी होते आणि मला मान वर करवेना.

त्यांना घरी आणलं. आत यायला तयार नव्हते, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले. पहाटे पाचला उठून पाहते तर माझं अंगण झाडून काढलेलं आणि चादरीची घडी घातलेली. पण मी एकाला आणलं. त्या रात्री स्टेशनवर किती जण होते?

पाळकसाहेब, चांगल्या शोमरोन्याचा दाखला तुम्ही याच वर्षी दोनदा घेतलात. यरुशलेमेहून यरीहोला जाणारा माणूस, त्याला मारून वाटेत टाकणारे लुटारू, बाजूनं निघून गेलेला याजक, निघून गेलेला लेवी म्हणजे मंदिराचा सेवक, आणि मग ज्याच्या हातचं यहूदी पाणीही पीत नसत तो परका शोमरोनी. आपण तो दाखला ऐकतो तेव्हा मनात म्हणतो, मी शोमरोनी व्हायला हवं. माझी एक विनंती आहे, यापुढं वाचताना उतारशाळेपाशी, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेपाशी, जरा थांबा. मी नर्स आहे, माझं लक्ष तिथंच जातं. शोमरोन्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जनावरावर घालून आणलं, एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी तो पुढं गेला. त्यानंतरची सगळी ड्युटी उतारशाळेच्या माणसाची. ड्रेसिंग बदलणं, पाणी पाजणं, रात्री कण्हलं की उठणं. त्याला हा जखमी कोण हे माहीत नाही. हातावर दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि एक शब्द : जास्त लागलं तर परत येईन तेव्हा देईन.

ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितानं सोळाशे वर्षांपूर्वी याचा अर्थ लावताना म्हटलं की ती उतारशाळा म्हणजे मंडळी. मला ते पूर्ण पटतं. त्या गोष्टीत आपली जागा उतारशाळेची आहे. जखमी माणूस प्रभूनं आपल्या दारात आणून ठेवलाय, दोन दीनार आगाऊ दिलेत आणि हिशेब करायला परत येणार असं सांगितलंय. अशा वेळी उतारशाळेवाल्यानं 'जागा बाहेरच्यांसाठी नाही' म्हणायचं? मग ती उतारशाळा कुणासाठी आहे? घरच्या माणसाला उतारशाळा लागत नाही.

आणखी एक, त्या दाखल्यातला शब्द. आपल्या शास्त्रात आहे की त्याला पाहून शोमरोन्याला कळवळा आला. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, असं आम्हाला बायबल क्लासमध्ये शिकवलं होतं. आपल्याकडं आई म्हणते ना, पोटात कालवलं, आतडं तुटलं. तेच. 'जे दयाळू ते धन्य, कारण त्यांच्यावर दया होईल' हे आपण लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच आहे की ज्यानं दया केली नाही त्याचा न्यायही दयेवाचून होईल. मी हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला त्या ओळीची भीती वाटते, आणि का ते पुढं सांगते.

तुमची कारणं मी ऐकली आहेत. ती खोटी नाहीत, म्हणून एकेक घेते.

चोरी झाली, घाण होते, कुणी दारू पिऊन आला. खरं आहे. एक सायकल गेली. गुटख्याच्या पिचकाऱ्या मी स्वतः घासून काढल्यात आणि थुंकणाऱ्याला चार शब्द सुनावलेत. पण याला उपाय आहेत. वही ठेवा, केसपेपरचा नंबर लिहा, रात्री दहाला फाटक लावा, दारू प्यायलेल्याला आत घेऊ नका. दहा माणसांतला एक वाईट वागला म्हणून नऊ जणांना पावसात उभं करणं ही कसली शिस्त?

नियम म्हणजे नियम, असं एका वडिलांनी सांगितलं. नियमाबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, कारण मी तो पाळला आहे. 1994 साल, रात्रपाळी. एक आई वॉर्डाबाहेरच्या बोळात मुलासाठी बसून होती. भेटीची वेळ संपली होती, राउंडला मोठे साहेब येणार होते. मी तिला उठवून फाटकाबाहेर पाठवलं. ती दोनदा म्हणाली, "बाई, इथंच कोपऱ्यात बसते, आवाज करत नाही." मी ऐकलं नाही. पहाटे चार-सव्वाचारला मुलगा गेला. फाटकाबाहेरून तिला बोलवायला मीच गेले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही बसू दिलं असतं तर हात तरी धरला असता." मला कुणी ठपका दिला नाही, नियमाप्रमाणं माझं बरोबर होतं. या गोष्टीला तीस वर्षं झाली. प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी, भाकर हातात घेताना, ती बाई माझ्यासमोर उभी असते. तुमच्यापैकी कुणाच्या समोर असं कुणी उभं राहू नये, म्हणूनही हे पत्र आहे.

तिसरं कारण दबक्या आवाजात सांगतात : उद्या कुणी तक्रार करेल की हे लोक जेवणखाण, निवारा देऊन धर्मांतर करतात. दिवस कसे आहेत ते मलाही कळतं आणि तुमची भीती मला खोटी वाटत नाही. पण पडवीत आजवर कुणाला पत्रक दिलेलं नाही, कुणाला प्रार्थनेला बसवलेलं नाही. हीच पद्धत पाटीवर लिहून लावा आणि पोलीस ठाण्यात त्याची प्रत द्या. शोमरोन्यानंही त्या जखमी माणसाला शोमरोनी केलं नाही. आपल्याच शेजारी साताऱ्यात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दया करताना दाखला मागायचा नाही हे मराठी ख्रिस्ती माणसाला नवं नाही. आणि लोक काय म्हणतील याची एवढी काळजी असेल तर 2019चा महापूर आठवा. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे. सांगलीच्या गावभागातली कुटुंबं याच पडवीत आठ दिवस होती. गणेश मंडळाची पोरं खिचडीची पातेली घेऊन यायची, दर्ग्याकडच्या एका हॉटेलवाल्यानं चहा पुरवला. तेव्हा कुणी म्हटलं का धर्मांतर चाललंय म्हणून? हे गाव असं आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली ती मिरज स्टेशनातूनच, 5 लाख लिटर पाणी घेऊन, आणि ते बघायला आपण सगळे पुलावर उभे होतो. अशा गावात आपली मंडळी घाबरून दार लावून बसते याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटचं कारण पैशाचं. पडवी पाडून पेव्हर ब्लॉक घालायचे, लग्नाच्या गाड्यांना पार्किंग द्यायचं, त्याच्या भाड्यातून पाळकसाहेबांचा पगार आणि लाइटबिल भागवायचं. मंडळीची तंगी मला माहीत आहे, वर्गणीच्या पावत्या मी स्वतः घरोघर फिरवल्यात. पण होशेय संदेष्ट्याच्या तोंडचं 'मला दया पाहिजे, यज्ञ नको' हे वाक्य प्रभूनं मत्तयच्या शुभवर्तमानात दोनदा काढलंय, आणि दोन्ही वेळा धार्मिक पुढाऱ्यांसमोर. नव्या फरशीवर बसून ते वाचायला मला जड जाईल.

यात एक गोष्ट राहिलीच. हा निर्णय सर्वसाधारण सभेपुढं आला नाही. नऊ माणसांनी एका संध्याकाळी तो घेतला. महिला मंडळाला कुणी विचारलं नाही, आणि पडवीची झाडलोट वर्षानुवर्षं महिला मंडळच करत आलंय.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

कुलूप आधी काढा, चर्चा नंतर करा. पाऊस अजून संपलेला नाही.

येत्या महिन्यात सर्वसाधारण सभा बोलवा आणि पडवीचा विषय पहिला घ्या. पार्किंगचा ठराव तोवर स्थगित ठेवा.

पेशंटच्या नातेवाइकांची नोंदवही सुरू करा. नाव, गाव, वॉर्ड, केसपेपर नंबर. मुक्काम सात दिवस, जरुरीप्रमाणं वाढवून. धर्म आणि जात यांचा रकाना वहीत नको.

बायकांसाठी अर्ध्या पडवीला आतून कडी लागेल असं पार्टिशन करा, संडासाकडं एक दिवा लावा. हे आजवर झालं नाही याबद्दल आम्हा सगळ्यांनाच लाज वाटायला हवी. रात्री पाण्याला उठलेल्या बायका मोबाइलच्या उजेडात चाचपडत जातात.

देखभालीसाठी पाच जणांची समिती नेमा, त्यात किमान तीन बाया आणि तरुण संघाचा एक मुलगा.

नुसत्या मागण्या करून मी मोकळी होत नाही. आम्ही सहा निवृत्त सिस्टर्सनी बसून ठरवलंय. आमच्या पेन्शनमधून दरमहा प्रत्येकी 500 रुपये पडवीच्या नावानं येतील, म्हणजे लाइट-पाण्याचा बोजा मंडळीवर पडणार नाही. वही आम्ही आळीपाळीनं सांभाळू. ज्यांना इंजेक्शन, ड्रेसिंग, डिस्चार्जचा कागद कळत नाही त्यांना समजावून सांगू. कापणीच्या सणाला आलेलं धान्य लिलावाआधी थोडं बाजूला काढलं तर चुलीचाही प्रश्न सुटेल. तांदूळ आणि तूरडाळ पुरे, बाकी माणसं आपलं आपण आणतात.

तुमच्यापैकी कुणाशी माझं वैर नाही. कमिटीतल्या दोघांचा जन्म माझ्या हातावर झालाय. त्यांच्या आया बाळंतपणाला आल्या तेव्हा त्यांच्याही घरची माणसं याच पडवीत झोपली होती, हवं तर घरी जाऊन विचारा.

जमखंडीचे ते गृहस्थ अजून इथंच आहेत. बायकोला आयसीयूतून वॉर्डात हलवलंय, उजवा हात थोडा हलायला लागलाय. डॉक्टर म्हणतात अजून बारा-पंधरा दिवस. ते माझ्या व्हरांड्यात आहेत, आणि कालपासून आटपाडीची एक मायलेकीची जोडी आहे. माझा व्हरांडा आता भरला.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही सहा जणी झाडू, फिनेल आणि बादल्या घेऊन फाटकाशी येतो आहोत. किल्ली कुणाकडं मागायची तेवढं त्याआधी कळवा.

आपल्या मंडळीची एक सभासद,
निवृत्त परिचारिका, मिरज